आधी बाबांची काळी पेटी, मग चौक

"मावशी, मी साताऱ्यात बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. आम्ही सात जणांनी ६ ऑगस्टला, हिरोशिमा दिनी, पोवई नाक्यावर युद्धाविरोधात पथनाट्य केलं. वीस मिनिटांचं. काळे कपडे, तोंडाला पांढरा रंग, शेवटी सगळे मरून पडतात. तीसेक माणसं थांबली, त्यातली निम्मी पाऊस थांबायची वाट बघत होती. कॉलेजची पोरं मोबाइलवर शूट करत हसत होती. एक काका ओरडले, 'सैनिकांच्या जिल्ह्यात ही थेरं? लाज वाटत नाही?' माझे बाबा मराठा लाइट इन्फन्ट्रीतून हवालदार म्हणून निवृत्त झालेत. त्यांना कुणीतरी तो व्हिडिओ पाठवला. ते एक शब्द बोलले नाहीत, पण तेव्हापासून जेवताना टीव्ही लावतात आणि माझ्याकडे बघत नाहीत. मला दोनच गोष्टी विचारायच्यात. माझ्या वयाच्या मुलामुलींना या विषयाकडे आणायचं कसं? आणि मी बाबांचा अपमान केला का?"
— एक सातारकर मुलगी

प्रिय मुली,

तुझा दुसरा प्रश्न आधी घेते. पहिल्याचं उत्तर त्याच्याच पोटात आहे.

अपमान करायचा तुझा हेतू नव्हता, हे पत्रावरून कळतं. पण तुमच्या नाटकात सैनिक होता का, आणि असला तर कसा होता, हे तू लिहिलेलं नाहीस. मी विचारते, कारण मार्च २००३ मध्ये अमेरिकेनं इराकवर हल्ला केला तेव्हा मी सांगलीत शिकत होते आणि आम्हीही एसटी स्टँडसमोर असंच नाटक केलं होतं. आमचा सैनिक म्हणजे चावीचं बाहुलं. ताठ पाय टाकत यायचा, मागून कोट घातलेला पुढारी दोऱ्या ओढायचा. आम्हाला ते फार भारी वाटलं होतं. नाटक संपल्यावर एक म्हातारी पिशवी सावरत पुढं आली आणि म्हणाली, "माझा ल्योक आसा न्हाई चालत." एवढं बोलून ती गाडीत जाऊन बसली. मी तिच्या मागे गेले नाही. जायला हवं होतं. तिचा लेक कुठे आहे, कधी आला होता, पत्र येतं का, हे विचारायला हवं होतं. त्या गर्दीत युद्धाबद्दल सगळ्यात जास्त तिलाच ठाऊक होतं आणि आम्ही तिलाच शिकवत होतो.

तुझे बाबा म्हणजे तुझ्या घरातली ती म्हातारी आहेत. ते चिडलेत असं तू धरून चालली आहेस. कदाचित चिडले असतील. कदाचित तुम्ही जमिनीवर पडलात ते पाहून त्यांना खरोखर पडलेलं कुणीतरी आठवलं असेल, आणि ते मुलीपुढे कसं काढावं हे त्यांना कळत नसेल. विचारल्याशिवाय कळणार नाही.

माझं मत स्पष्ट सांगते. साताऱ्यात युद्धाविरोधात बोलायचं तर सुरुवात सैनिकाच्या उंबऱ्यातून करावी लागते. ओरडणाऱ्या काकांचं म्हणणं अर्धं बरोबर आहे, हा सैनिकांचा जिल्हा आहे. उरलेलं अर्धं त्यांना सुचलं नाही, की युद्धाची किंमत काय असते हे या जिल्ह्याइतकं कुणाला माहीत असणार?

तू अपशिंग्याला गेली आहेस का? नसशील तर तुम्ही सातही जणं एखाद्या रविवारी जा. गावाच्या नावातच 'मिलिटरी' आहे. पहिल्या महायुद्धात या एका गावचे ४६ जवान कामी आले. ते युद्ध कशावरून पेटलं? २८ जून १९१४ ला साराजेवोत ऑस्ट्रियाच्या युवराजाचा खून झाला, आणि युरोपातली साम्राज्यं एकमेकांवर धावली. साताऱ्याच्या शेतकऱ्याच्या पोराचा त्याच्याशी काय संबंध होता? पगार होता, इंग्रजाचं राज्य होतं, आणि घरात जमिनीचा तुकडा सगळ्या भावांना पुरणारा नव्हता. मराठा पलटणी मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये उतरल्या. कूत-अल-अमारा इथं इंग्रजांची फौज डिसेंबर १९१५ पासून २९ एप्रिल १९१६ पर्यंत तुर्कांच्या वेढ्यात अडकली, त्यात आपली माणसं होती. धान्य संपत आलं तेव्हा घोडे मारून खाण्याची वेळ आली, आणि हिंदी शिपायांतल्या कित्येकांनी उपाशी राहूनही ते मांस बरेच दिवस तोंडाला लावलं नाही. शरणागतीनंतर कैदेत आणि वाळवंटातल्या पायपिटीत हजारो मेले. मी सांगलीत ज्या इराकसाठी घोषणा देत होते, त्याच इराकच्या मातीत मराठी मुलुखातली पोरं आधीच गाडली गेली होती. मला तेव्हा हे माहीत नव्हतं. माहीत असतं तर आम्ही वेगळं नाटक केलं असतं.

हिरोशिमा सोडून दे असं मी म्हणत नाही. १९४५ संपेपर्यंत तिथं सुमारे १,४०,००० माणसं गेली, ती आठवायलाच हवीत. पण पोवई नाक्यावर उभ्या असलेल्या पोराला जपानपर्यंत न्यायचं तर वाट त्याच्या गावातून काढ.

आता ती हसणारी पोरं. त्यांचा राग धरू नकोस. त्यांच्यातली काही फौजेच्या भरतीसाठी पहाटे पाचला रस्त्यावर सोळाशे मीटर मारत असतात, हे तुला माहीत आहेच. कुणी अकॅडमीत फी भरून बसलंय, कुणाचं वय निघून चाललंय. २०२२ मध्ये फौजेच्या भरतीची अग्निपथ योजना आल्यापासून नोकरी चार वर्षांची झाली, त्यानंतर शंभरातले जास्तीत जास्त पंचवीस जण कायम होणार, तरी रांगा आहेत. अशा पोरासमोर तुम्ही रंग फासून 'युद्ध वाईट' म्हणालात की त्याला ऐकू येतं, 'तू वाईट'. तो हसला नाही तर काय करेल? ही पोरं युद्धखोर नाहीत. त्यांना पगार हवाय, मान हवाय, घर बांधायचंय. त्यांना तुमच्या बाजूला घेता आलं नाही तर साताऱ्यात तुमची मोहीम सात जणांचीच राहील.

म्हणून पहिली सूचना: पुढच्या वेळी नाटक करू नका. पेटी मांडा.

फौजीच्या घरात काळी लोखंडी पेटी असते. वर पांढऱ्या रंगानं नंबर, हुद्दा, नाव, पलटण. तुझ्या घरातही असणार, माळ्यावर किंवा पलंगाखाली. त्या पेटीत काय असतं? निळी आंतरदेशीय पत्रं, मनीऑर्डरच्या पावत्या, लोकरीचे मोजे, रजेचा कागद, पलटणीचा ग्रुप फोटो, कधी मुलीनं शाळेत काढलेलं चित्र. अशी पेटी गांधी मैदानावर, चौपाटीवर लोक खायला येतात त्या बाजूला, संध्याकाळी उघडी ठेवा. भाषण नको, पांढरा रंग नको. बाजूला तुम्ही साध्या कपड्यांत उभे राहा. बघायला येणाऱ्याच्या हातात एक वस्तू द्या आणि तिची गोष्ट सांगा, दोन मिनिटांची, खरी. "हे पत्र घरी पोचलं तेव्हा मुलगी चार महिन्यांची झाली होती." लोक थांबतील. पेटी सगळ्यांच्या ओळखीची आहे, पण ती उघडलेली फार थोड्यांनी पाहिली आहे.

ही कल्पना एका परक्या देशातल्या गोष्टीवरून सुचली. २००४ च्या सुरुवातीला शिकागोच्या एका चौकात क्वेकर या ख्रिस्ती पंथाच्या शांतता संघटनेनं सैनिकांचे बूट ओळीनं मांडले, ५०४ जोड. इराकमध्ये तोवर मेलेल्या प्रत्येक अमेरिकन सैनिकामागे एक जोड, त्याला नावाची चिठ्ठी. शेजारी इराकी नागरिकांसाठी साधे बूट-चपला, त्यांत लहान मुलांचेही. पुढे ही मांडणी गावोगाव फिरली आणि मेलेल्यांबरोबर बुटांची रांगही वाढत गेली. सैनिकांचे आईवडील यायचे, आपल्या पोराच्या बुटात फुलं ठेवून जायचे. युद्धाला विरोध होता आणि सैनिकाचा मान राखलेला होता, दोन्ही एकाच जागी. तुम्ही बूट मांडू नका, ते त्यांचं आहे. पेटी आपली आहे. पण त्या चपलांचा धडा घ्या: पेटीजवळ समोरच्या बाजूच्या कुणाचंतरी एक पत्र, एक फोटो असू द्या. युक्रेनमधल्या आईचा, रशियातल्या आईचा, गाझातल्या मुलाचा. तुम्हाला खात्रीनं माहीत असलेली गोष्टच घ्या, मोबाइलवर फिरत आलेली नको.

पेटीच्या मागे एक दोरी बांधा, कपडे वाळत घालतो तशी, चिमटे लावून. येणाऱ्याला कोरं कार्ड आणि पेन द्या. कार्डावर एकच प्रश्न: "तू फौजेत जायला निघालास तर आई काय म्हणेल?" मुलींसाठीही तोच, आता मुलीही जातात. नाव लिहायचं नाही. भरतीच्या पोरांना मुद्दाम बोलवा, अकॅडमीच्या दारात जाऊन बोलवा. पोरगं चारचौघांत छाती काढून बोलतं, पण कार्ड लिहिताना मान खाली असते. काय लिहिलं जाईल ते मी आत्ताच सांगू शकत नाही, आणि तुम्हीही आधी ठरवू नका. अभिमानानं भरलेली कार्डं आली तरी ती दोरीवरच लागली पाहिजेत. निवडून लावलीत तर पोरांना ते लगेच कळेल.

दुसरी गोष्ट खास तुझ्या वयासाठी. मे २०२५ मधले भारत-पाकिस्तान संघर्षाचे ते चार दिवस आठव. गावातल्या प्रत्येक ग्रुपवर विमानं पडत होती, बंदरं जळत होती. त्यातलं बरंच खोटं निघालं. काही क्लिप तर 'आर्मा ३' या गेममधल्या होत्या. हा प्रकार जुना आहे. युक्रेन युद्धात या गेमचे तुकडे खरे म्हणून इतके फिरले की नोव्हेंबर २०२२ मध्ये गेम बनवणाऱ्या चेक कंपनीला निवेदन काढून खरा-खोटा व्हिडिओ कसा ओळखावा ते सांगावं लागलं. तुमच्यातल्या कुणाला गेम खेळायचा नाद असेल तर त्याला हे काम द्या. एक लॅपटॉप, दहा छोट्या क्लिप, समोर पाटी: "खरं युद्ध की गेम?" जो दहाच्या दहा ओळखेल त्याला कंदी पेढा. पोरं रांग लावतील, मी खात्रीनं सांगते. आणि पाचव्या-सहाव्या क्लिपला चुकल्यावर त्यांना जे वाटेल त्यासाठी तुम्हाला एकही घोषणा द्यावी लागणार नाही. मृतदेह दिसेल अशी एकही क्लिप घेऊ नका. तिथं लहान मुलं असतात, आणि त्या माणसाचंही कुणी घरचं असतं.

बाजारभावाचं एखादं दुकानही लावता येईल. २०२२ मध्ये रशियानं युक्रेनवर हल्ला केला आणि आपल्याकडे सूर्यफुलाचं तेल कडाडलं, कारण आपण ते मुख्यतः त्याच दोन देशांतून आणायचो. २०२४ च्या हंगामात तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले होत होते, म्हणून तासगाव-पलूसकडच्या द्राक्षांचे कंटेनर आफ्रिकेला वळसा घालून युरोपला गेले, भाडं वाढलं, दिवस वाढले. शेतकऱ्याच्या पोराला हे दोन वाक्यांत समजतं. जास्त ताणू नका.

शेवटी एक पातेलंभर चहा ठेवा. न्यूयॉर्कमध्ये १९६३ साली सुरू झालेल्या 'ब्रेड अँड पपेट' या नाट्यसंस्थेची मंडळी व्हिएतनाम युद्धाविरोधात उंचच उंच बाहुल्या घेऊन रस्त्यावर यायची आणि खेळाला आलेल्यांना घरी भाजलेला पाव वाटायची. त्यामागचं शहाणपण आपल्याला नवं नाही. हातात कप असला की माणूस निघून जात नाही, आणि उभा राहिला की बोलतो. तुमच्या नाटकात लोकांना बोलायला जागाच नव्हती. वीस मिनिटं ते ऐकत होते आणि मग तुम्ही मरून पडलात.

तुला कुणीतरी विचारणारच, "पहलगामला २६ माणसं मारली, त्यातली सहा आपल्या महाराष्ट्रातली. मग काय हात बांधून बसायचं?" या प्रश्नापासून पळू नकोस आणि विचारणाऱ्याला गप्प करायला जाऊ नकोस. त्याचा संताप खरा आहे, माझाही होता. मी माझं उत्तर सांगते, तू तुझं शोध. देशानं आपली माणसं राखावीत याला माझा विरोध नाही, सीमेवर उभ्या असलेल्या माणसालाही नाही. माझा विरोध आहे तो सोफ्यावर बसून युद्ध मागण्याला, दुसऱ्याचं पोरगं पाठवून आपण स्कोअर विचारण्याला. आणि सीमेपलीकडे मेलेलं मूल मूल नव्हतं असं मानायला मी तयार नाही. घटनेच्या ५१ व्या कलमात लिहिलं आहे की राज्यानं आंतरराष्ट्रीय शांतता आणि सुरक्षितता वाढवण्याचा प्रयत्न करावा. ते कलम मोठ्या अक्षरात लिहून पेटीशेजारी ठेवा. देशद्रोहाचा आरोप करणाऱ्याला ते शांतपणे वाचायला द्या, आणि चहाही द्या.

काही व्यवहाराच्या गोष्टी, यात हयगय नको. पोलीस ठाण्यात आठवडाभर आधी लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या, मैदानासाठी नगरपालिकेची परवानगी वेगळी. त्या दिवसांत जमावबंदीचा आदेश लागू नाही ना, तेही विचारा. भिंती रंगवू नका, १९९५ चा विरूपण प्रतिबंधाचा कायदा आहे आणि भिंतीच्या मालकाशी भांडण ओढवून घेण्यात अर्थ नाही. खडूनं, रांगोळीनं जमिनीवर काढा. स्पीकर नको. वर्दी तर अजिबात नको, नाटकातसुद्धा नको. सैनिक आहोत असं भासवायला वर्दी घालणं गुन्हा आहे, पण मी त्यासाठी म्हणत नाहीये. ती ज्यांनी कमावली त्यांच्याच अंगावर असू दे. बाबांची पदकंही पेटीतच राहू देत. आणि जिल्ह्यात एखाद्या जवानाचं पार्थिव येणार असेल तर कार्यक्रम रद्द करून सातही जणांनी अंत्ययात्रेला जायचं. फलक न घेता, फोटो न काढता.

गणपती मंडळांशीही बोलून ठेव. जिवंत देखावे करणाऱ्या पोरांना गर्दी कशी धरून ठेवायची हे तुमच्यापेक्षा चांगलं कळतं, आणि 'रजेवर आलेला फौजी' हा देखावा पुढच्या वर्षी एखादं मंडळ आनंदानं करेल.

आता बाबा. पेटी त्यांची आहे, म्हणून हे सगळं त्यांच्यापाशी येऊन थांबतं. मोहिमेसाठी पेटी हवी म्हणून बोलायला जाऊ नकोस, ते लगेच ओळखतील. मोहीम बाजूला ठेव. एखाद्या रात्री जेवणं झाली की टीव्हीचा आवाज कमी कर आणि लहानसं काहीतरी विचार. पहिली पोस्टिंग कुठे होती. तिथं जेवायला काय मिळायचं. माझा जन्म झाल्याचं तुम्हाला कुणी आणि कसं कळवलं. पराक्रमाचं विचारू नकोस, किती मारले हे तर कधीच नको. ते बोलले तर ऐक. गप्प राहिले तरी बसून राहा. झोप उडते, स्वप्नं पडतात असं काही कानावर आलं तर आईशी बोल आणि त्यांना डॉक्टरकडे न्यायला मदत कर. त्यात कमीपणा नाही. आणि व्हिडिओबद्दल सरळ सांग: "बाबा, आम्ही नाटक करताना तुम्हाला विचारलं नाही. विचारायला हवं होतं." युद्धाबद्दलचं तुझं मत बदललंय असं सांगायची गरज नाही. बदललेलं नसेलच, आणि बदलू नयेही.

पेटीला ते नाही म्हणाले तर तो विषय तिथंच संपला. दुसरं घर शोध, साताऱ्यात पेट्यांना तोटा नाही. विधवा आईच्या घरी गेलात तर दोघी मुलींनीच जा, आणि पहिल्या भेटीत काही मागू नका.

तारखेचं म्हणशील तर ऑगस्ट सोड, साताऱ्यातला पाऊस तुम्ही अनुभवला आहे. ११ नोव्हेंबर बघ. १९१८ मध्ये त्याच दिवशी पहिलं महायुद्ध थांबलं. हवा कोरडी असते, संध्याकाळी मैदानावर माणसं असतात, आणि दिवाळीला रजेवर आलेला एखादा फौजीही भेटेल. त्याआधी अपशिंग्याला जाऊन या, गावात कुणाला तरी विचारा त्या ४६ जणांतली किती नावं अजून घरात घेतली जातात. मिळतील तेवढी वहीत लिहून घ्या. ती वही पेटीत सगळ्यात वर ठेवा.

बाबांशी बोलणं झालं की मला कळव, मोहिमेचं नंतर कळवलंस तरी चालेल.

तुझी,
मावशी